करडईचे तेल, सोयाबीनचे तेल आणि सहा वर्षांची एक मुलगी

अमेरिकेतली सहा वर्षांची मुलगी. अपघाताने पोटात बंदुकीची गोळी लागली आणि जीव वाचवताना सर्जनांना तिचे ३०० सेंटिमीटर आतडे काढून टाकावे लागले. एवढे आतडे गेल्यावर तोंडाने घेतलेले अन्न अंगी लागणे अवघडच. म्हणून तिला मोठ्या शिरेतून पोषण सुरू केले. त्यात ग्लुकोज होते, प्रथिनांऐवजी अमिनो आम्ले होती, क्षार आणि जीवनसत्त्वे होती आणि मेद म्हणून करडईच्या तेलाचे इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेले तेल, होते.

पाच महिने असे गेले. मग हातापायांना बधिरपणा येऊ लागला, मुंग्या येऊ लागल्या. अशक्तपणा वाढला, पाय दुखू लागले, पुढे चालताच येईना. नजरही धूसर होऊ लागली. या तक्रारी सतत नसत, झटके आल्यासारख्या येत.

तिच्या रक्तातल्या मेदांची तपासणी मिनेसोटा विद्यापीठाच्या हॉर्मेल इन्स्टिट्यूटमध्ये राल्फ होल्मन यांच्याकडे झाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हे प्रकरण प्रसिद्ध केले. मेद शरीरात काय करतात हे शिकवायला मला याहून चांगले प्रकरण सापडलेले नाही. या मुलीला उष्मांक मिळत होते आणि मेदही मिळत होता. तरी तिची दृष्टी आणि तिचे पाय अडले ते एका मेदावाचून.

आधीची पंधरा वर्षे

हे प्रकरण समजायला शिरेवाटे पोषणाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. १९६८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की फक्त शिरेवाटे दिलेल्या आहारावर प्राणी वाढतो. आधी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांवर, मग आतड्याचा जन्मजात दोष असलेल्या एका तान्ह्या मुलीवर त्यांनी हे करून दाखवले. वैद्यकातली ती मोठी झेप होती. आतडे निकामी झालेला रुग्ण त्याआधी उपासमारीनेच जायचा.

पण अमेरिकेतल्या या सुरुवातीच्या पोषणात मेद जवळजवळ नसे. सरकीच्या तेलाचे एक इमल्शन पूर्वी वापरात होते, त्याचे दुष्परिणाम दिसल्याने ते बंद झाले होते. स्वीडनमध्ये आर्व्हिड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातले फॉस्फोलिपिड वापरून सुरक्षित इमल्शन साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच तयार केले होते, पण अमेरिकी रुग्णालयांत ते पोहोचायला सत्तरचे दशक अर्धे उलटले. मधल्या काळात डॉक्टरांनी उष्मांकांचा हिशोब ग्लुकोजने पुरा केला. एक ग्रॅम मेद नऊ किलोकॅलरी देतो, ग्लुकोज त्याच्या निम्म्याहूनही कमी; तेव्हा ग्लुकोज जास्त द्या, काम झाले, असा विचार.

काही आठवड्यांतच रुग्णांच्या कातडीवर खवले येऊ लागले. केस गळत, जखमा भरत नसत, रक्तातल्या प्लेटलेट कमी होत. तान्ह्या बाळांत हे फार लवकर दिसे. टंचाई होती ती लिनोलिक आम्ल या मेदाम्लाची; मेदाम्ले म्हणजे मेदाचा रेणू ज्यांचा बनतो त्या लांब साखळ्या.

यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी चक्रावते. मोठ्या माणसाच्या अंगावर कितीतरी किलो चरबी असते आणि आपण जे तेल खातो त्याचा अंश त्या चरबीत साठलेला असतो. साध्या माणसाच्या चरबीतले सुमारे दहा टक्के मेदाम्ल लिनोलिक असते, म्हणजे हवे तेच. मग साठा असताना टंचाई का? कारण शिरेतून दिवसरात्र ग्लुकोज चालू. ग्लुकोज चालू म्हणजे इन्सुलिन चढलेले. आणि इन्सुलिनचा मेदपेशींना हुकूम एकच: साठवा, सोडू नका. कुलूप लागलेल्या कोठारात माल पडून राहतो. त्या अवस्थेतला रुग्ण उपाशी असता तर त्याच्या चरबीतून लिनोलिक आम्ल सुटले असते. भरपूर खायला मिळत असल्यामुळेच ते अडकून पडे.

१९७४ साली एक विलक्षण उपाय 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आतड्याचा बराच भाग काढून टाकलेल्या रुग्णांच्या कातडीला सूर्यफुलाचे तेल चोळले, आणि रक्तातली लिनोलिक आम्लाची कमतरता भरून निघाली. पुढे सगळ्यांच्याच हाती असा निकाल आला नाही, पण कातडीतून मेदाम्ल आत जाते एवढे नक्की झाले. आपल्याकडे बाळाला तेल लावतात, त्याकडे या नजरेने पाहणारा एक अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी केला आणि तो २००५ साली प्रसिद्ध झाला. नवजात बाळांचे तीन गट केले. एका गटाला करडईचे तेल चोळले, दुसऱ्याला खोबरेल, तिसऱ्याला काहीच नाही. पाच दिवसांनंतर करडईच्या गटातल्या बाळांच्या रक्तात आवश्यक मेदाम्ले, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारी, वाढलेली आढळली, खोबरेलच्या गटात संपृक्त मेद वाढलेले आढळले. जे चोळले तेच आत गेले. तेल लावणाऱ्या आजीला त्वचेच्या मऊपणापलीकडचे कारण ठाऊक नसेल, पण कोणते तेल घेतले याने फरक पडतो हे आता मोजून कळले आहे.

तर, मेदच न देण्याची चूक १९८० पर्यंत सगळ्यांना कळली होती. आपल्या प्रकरणातल्या मुलीला म्हणूनच मेद दिला जात होता, आणि तोही मुद्दाम निवडून. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. वनस्पती तेलांत त्याहून जास्त क्वचितच कुठे असेल. ज्या कमतरतेने कातडी सोलत होती तिच्यावर हा सर्वात जोरकस इलाज होता. डॉक्टरांनी त्या वेळच्या ज्ञानानुसार योग्य तेच केले होते.

रक्ताने काय सांगितले

होल्मन यांना हवे होते रक्तातल्या प्रत्येक मेदाम्लाचे प्रमाण. अहवालात दोन गोष्टी निघाल्या. लिनोलिक आम्लाची किंचित कमतरता होती, आणि अल्फा-लिनोलेनिक आम्लाची मोठी.

या दोघांच्या रेणूंत दिसायला फरक फार थोडा आहे. दोन्हींत कार्बनचे अठरा अणू एका ओळीत. लिनोलिकमध्ये दोन दुहेरी बंध, लिनोलेनिकमध्ये तीन. हा तिसरा बंध साखळीच्या शेपटीकडून मोजल्यास तिसऱ्या कार्बनवर येतो, म्हणून ते ओमेगा-३. लिनोलिकचा शेपटीकडचा पहिला बंध सहाव्या कार्बनवर, म्हणून ते ओमेगा-६. शेपटीकडून मोजण्याची ही पद्धत आज तेलाच्या डब्यांवर आणि औषधांच्या जाहिरातींत सर्रास दिसते, ती रुळवण्यात होल्मन यांचाच वाटा मोठा.

आपल्या यकृतात मेदाम्ले बनवणारे कारखाने उत्तम चालतात. भात-भाकरी जास्त झाली की तिचा मेद होतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. संपृक्त, म्हणजे एकही दुहेरी बंध नसलेल्या, मेदाम्लात एक दुहेरी बंध घालण्याचे विकरही (एन्झाइमही) आपल्याकडे आहे. पण साखळीच्या शेपटीकडच्या भागात दुहेरी बंध घालणारी विकरे प्राण्यांच्या अंगात सहसा नसतात, वनस्पतींत असतात. म्हणून ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष बाहेरून, म्हणजे अन्नातूनच, यावा लागतो. एकदा तो आला की पुढची साखळी लांबवायचे आणि आणखी बंध घालायचे काम शरीर स्वतः करते. पण एका घराण्याचे मेदाम्ल दुसऱ्या घराण्यात नेता येत नाही. हाच या प्रकरणाचा कणा आहे: मुलीला मिळत असलेल्या लिनोलिक आम्लाचे लिनोलेनिक कधीच होणार नव्हते.

करडईच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल अर्धा टक्कासुद्धा नसते. त्यात भर अशी की दोन्ही घराणी पुढच्या प्रक्रियेसाठी एकाच विकराकडे जातात. समोर लिनोलिकचा लोंढा असला तर जे थोडेफार लिनोलेनिक असेल त्याची पाळी येत नाही. करडई मुलीला ओमेगा-३ देत तर नव्हतीच, असलेले वापरण्याची वाटही तिने अडवली होती.

मज्जातंतू आणि डोळाच का

मेदाचे काम विचारले की उत्तरे ठरलेली येतात: ऊर्जा साठवणे, थंडीपासून राखणे, मूत्रपिंडासारख्या अवयवांना गादी देणे, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषायला मदत करणे. ही सगळी कामे खरी आहेत. कोणत्याही मेदाने, अगदी तुपाने किंवा खोबरेलाने, ती पार पडतात. या कामांच्या बाबतीत मुलीला काहीच कमी नव्हते.

कमी होते ते पेशीपटलात. शरीरातली प्रत्येक पेशी मेदाच्या दुहेरी पडद्यात गुंडाळलेली असते. त्या पडद्याचा प्रत्येक रेणू म्हणजे पाण्याकडे तोंड केलेले एक डोके आणि आत वळलेली मेदाम्लांची दोन शेपटे. संपृक्त मेदाम्ल मोळीतल्या सरळ काडीसारखे असते, एकमेकांना चिकटून घट्ट बसते. दुहेरी बंध आला की साखळी वाकते, मग शेजाऱ्यात आणि तिच्यात मोकळीक राहते. ही मोकळीक चैनीसाठी नाही. पडद्यात रुतलेली प्रथिने, म्हणजे आयनांचे दरवाजे, संदेश घेणारे ग्राहक, यांना आपला आकार पटकन बदलावा लागतो आणि त्यासाठी भोवतालचा मेद हलका हवा.

सर्वात जास्त हलका मेद जिथे लागतो तिथे अल्फा-लिनोलेनिकचा शेवटचा वंशज बसतो. त्याचे नाव डोकोसाहेक्झेनॉइक आम्ल, सोयीसाठी सगळे डीएचए म्हणतात. बावीस कार्बन आणि सहा दुहेरी बंध. डोळ्याच्या दृष्टिपटलातल्या दंडपेशींच्या टोकाला चकत्यांची चळत असते. त्या चकत्यांच्या पटलात डीएचएचे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, शरीरात इतरत्र कुठेही एवढे नाही. प्रकाशाचा कण पडताच ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन त्या पटलात आपला आकार बदलते आणि आपल्याला दिसते. मेंदूच्या करड्या भागातही, चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात तिथे, डीएचएची दाटी असते. डीएचए मिळाले नाही तर शरीर ती जागा रिकामी सोडत नाही. ओमेगा-६ घराण्यातले जवळजवळ तसेच, फक्त एक बंध कमी असलेले मेदाम्ल तिथे बसवते. जागा भरते, पण काम तसे होत नाही.

मुलीच्या तक्रारींची यादी पुन्हा वाचावी. बधिरपणा, मुंग्या, चालता न येणे, धूसर दिसणे. लक्षणे सगळी मज्जातंतूंची आणि डोळ्याची.

उंदरांच्या शेपट्या आणि एक हुकलेला प्रश्न

होल्मन यांना हा अहवाल वाचता आला यामागे एक परंपरा आहे. ते जॉर्ज बर यांचे विद्यार्थी. बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनी १९२९ साली मिनेसोटातच उंदरांना मेद पूर्णपणे वर्ज्य केलेला आहार दिला होता. साखर, शुद्ध केलेले केसीन हे दुधातले प्रथिन, क्षार आणि जीवनसत्त्वे. त्या काळचे मत असे होते की मेद ही निव्वळ ऊर्जा आहे आणि जीवनसत्त्वे मिळाली तर मेदावाचून अडत नाही. पण उंदरांची वाढ थांबली, शेपटीवर खवले आले, मूत्रपिंडे बिघडली, लघवीतून रक्त गेले आणि पुढे ते मेले. ते पाणी फार पीत, पण लघवी त्या मानाने वाढत नसे. पाणी कातडीतून निसटत होते. त्वचेच्या वरच्या थरातला पाणी अडवणारा मेद लिनोलिक आम्लाशिवाय नीट तयार होत नाही, हे कारण पुष्कळ नंतर उलगडले.

रोज थोडेसे मेद दिले की आजारी उंदीर सुधारत. कोणत्या मेदाने सुधारतात ते शोधत बर दांपत्य १९३० साली लिनोलिक आम्लापर्यंत पोहोचले, आणि 'आवश्यक मेदाम्ले' ही कल्पना तिथून रुजली. सगळ्यांनी ती लगेच मानली नाही. १९३८ साली विल्यम ब्राउन नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने स्वतः सहा महिने जवळजवळ मेदहीन आहार घेतला. त्याला काहीही झाले नाही. वयस्क माणसाच्या अंगातला साठा सहा महिन्यांत सरत नाही, हे आज कळते. तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ असा लावला की माणसाला याची गरजच नाही.

मला यातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. लिनोलेनिक आम्लाने उंदरांची वाढ थोडी सुधारे, पण शेपटीचे खवले जात नसत. लिनोलिकने दोन्ही होई. कमतरता ओळखायची खूण म्हणून सगळे कातडीकडे पाहत होते. त्या कसोटीवर लिनोलेनिक नापास झाले आणि पुढची कितीतरी दशके ओमेगा-३ ची गरज आहे की नाही यावर शंकाच राहिली. कातडीला ते लागत नव्हते. डोळ्याला आणि मज्जातंतूंना लागत होते, पण तिथे कोणी पाहिले नव्हते.

ओमेगा-६ ची बाजू मात्र या काळात भराभर उजेडात आली. लिनोलिकपासून बनणाऱ्या अ‍ॅराकिडोनिक आम्लातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात हे १९६४ साली स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांनी दाखवले. ताप, सूज, रक्त गोठणे, प्रसूतीच्या कळा, जठराच्या अस्तराचे रक्षण, इतक्या ठिकाणी हे मेदजन्य संदेशवाहक काम करतात, आणि अ‍ॅस्पिरिन त्यांचीच निर्मिती रोखते. या शोधांसाठी बर्गस्ट्रॉम, साम्युएलसन आणि व्हेन यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले तेही १९८२ सालीच, होल्मन यांचा लेख आला त्याच वर्षी.

तेल बदलले

उपाय साधा होता. करडईच्या तेलाचे इमल्शन थांबवून लिनोलेनिक असलेले सोयाबीनच्या तेलाचे इमल्शन सुरू केले. सोयाबीन तेलात निम्मे लिनोलिक असतेच, शिवाय सात-आठ टक्के अल्फा-लिनोलेनिक असते. मुलीच्या मज्जातंतूंच्या तक्रारी गेल्या. रक्ताची पुन्हा तपासणी केली तेव्हा लिनोलेनिकची कमतरताही भरून निघाली होती. या आकड्यांवरून होल्मन यांनी अंदाज बांधला की रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ०.५४ टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्लातून यायला हवेत. सोळाशे किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी हा हिशोब दिवसाला सुमारे एक ग्रॅमवर येतो. एक ग्रॅम!

एका रुग्णावरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का? हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि तो रास्त होता. तुलनेसाठी दुसरा रुग्ण नव्हता. लिनोलिकचीही थोडी कमतरता होती, म्हणजे चित्र शुद्ध नव्हते. ई जीवनसत्त्वाच्या अभावानेही मज्जातंतू बिघडतात, आणि दोन तेलांत फरक फक्त लिनोलेनिकचा नसतो. मुलीला पुन्हा करडईवर आणून लक्षणे परत येतात का हे पाहणे तर कोणाही डॉक्टरने केले नसते, करूही नये. एकटे हे प्रकरण पुरावा म्हणून पुरेसे नाही असे माझेही मत आहे. त्याचे मोल वाढले ते नंतर वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या कामामुळे.

ओरेगॉनमध्ये मार्था न्यूरिंगर आणि विल्यम कॉनर यांनी ऱ्हीसस माकडांवर नेमका हाच प्रयोग केला, आणि तोही याच दोन तेलांनी. माकडिणींना गर्भारपणापासून आणि पिल्लांना जन्मानंतर, मेद म्हणून एका गटाला करडई, दुसऱ्याला सोयाबीन. करडईच्या गटातल्या पिल्लांच्या रक्तात ओमेगा-३ जवळजवळ संपले. चार आठवड्यांच्या वयात त्यांची नजरेची तीक्ष्णता सोयाबीनच्या पिल्लांपेक्षा पाव हिश्श्याने कमी होती, आठ आणि बारा आठवड्यांना ती निम्म्यावर आली. मेंदू आणि दृष्टिपटलातले डीएचए घटले होते आणि त्या जागी ओमेगा-६ चा बदली रेणू बसला होता. पुढे अशा माकडांना माशाचे तेल दिल्यावर मेंदूतले मेद काही आठवड्यांतच सुधारले. दृष्टिपटलाच्या विद्युत-तपासणीतला दोष मात्र गेला नाही. वाढीच्या ज्या काळात डोळा बनतो, त्या काळातली उणीव नंतर भरून काढता येईलच असे नाही, असा त्याचा अर्थ लागतो. आपल्या मुलीचा गोळी लागण्याआधीचा काळ नेहमीच्या जेवणावर गेला होता. ती पूर्ण सावरली याचे एक कारण हेही असावे.

नॉर्वेत क्रिस्टियान ब्येर्वे यांनी १९८७ साली वर्षानुवर्षे जठरात घातलेल्या नळीवाटे पोसलेल्या वृद्ध रुग्णांची प्रकरणे मांडली. त्यांच्या आहारात ओमेगा-३ नगण्य होते. त्यांच्या कातडीवर खवले आले होते आणि अल्फा-लिनोलेनिक दिल्यावर ते कमी झाले. म्हणजे कातडीचाही ओमेगा-३ शी काहीच संबंध नाही, हे जुने मतही पूर्ण खरे नव्हते. ब्येर्वे यांचा गरजेचा अंदाज होल्मनपेक्षा कमी, उष्मांकांच्या ०.२ ते ०.३ टक्के, असा आला. आकड्यांत फरक आहे, पण शून्य चालत नाही यावर दोघांचे एकमत.

करडई आणि जवस, दोन्ही आपलीच

हे प्रकरण मराठी वाचकापुढे मांडताना करडई या पिकाबद्दल गैरसमज होऊ नये, असे मनापासून वाटते. सोलापूर आणि मराठवाड्यातल्या कोरडवाहू रब्बी शेतीत करडई पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्वारीच्या पट्ट्याच्या कडेने काटेरी करडई पेरली की जनावरे आत शिरत नाहीत. कोवळ्या पानांची भाजी होते, घाण्याचे तेल वर्षभर पुरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे आणि संकरित वाणही दिले आहेत. हे तेल वाईट नाही. ओमेगा-६ चा इतका मुबलक झरा दुसरा नाही. वाईट होते ते फक्त तेच असणे.

त्याच मराठवाड्यात आणि विदर्भात जवसही होतो. जवसाच्या दाण्यात चाळीस टक्के तेल, आणि त्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक. दोन चहाचे चमचे जवसात ते साधारण एक ग्रॅम निघते, म्हणजे होल्मन यांनी मुलासाठी काढलेला दिवसाचा हिशोब. भाकरीबरोबरच्या जवसाच्या चटणीने ते सहज भरते, फक्त दाणे नीट कुटलेले हवेत. अख्खे दाणे पुष्कळदा जसेच्या तसे बाहेर पडतात. घोळाच्या भाजीतही हे आम्ल बऱ्यापैकी असते. कोकणात बांगडा आणि तारली खाणाऱ्यांना तर तयार डीएचएच मिळते. शाकाहाऱ्याला ते यकृतात बनवून घ्यावे लागते, आणि हे रूपांतर फार थोडे होते. म्हणूनच त्याच्या ताटात लिनोलेनिकचा स्रोत रोज असणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

जवसाचे तेल तळणीला का वापरत नाहीत, याचेही उत्तर त्या तिसऱ्या दुहेरी बंधातच आहे. दुहेरी बंध जितके जास्त तितका हवेतला ऑक्सिजन तेलाला लवकर धरतो. जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते, म्हणून रंगात आणि क्रिकेटच्या बॅटीला ते चालते, पण कढईत तापवले तर बिघडते. दृष्टिपटलातल्या डीएचएला हाच धोका असतो, म्हणून शरीर तिथे ई जीवनसत्त्वाचा पहारा ठेवते. होल्मन यांच्या टीकाकारांनी ई जीवनसत्त्वाकडे बोट दाखवले तेव्हा ते अगदी अस्थानी नव्हते.

जिथे जेवणात चार पदार्थ असतात तिथे एखादे तेल एकांगी असले तरी बाकीच्या पदार्थांतून थोडे थोडे भरत जाते. डाळी, पालेभाज्या, दूध, सगळ्यांतून काही मिलिग्रॅम येतात. धोका असतो तो ताट एकाच वस्तूवर आल्यावर. अर्धांगवायूने घरी पडून असलेला, नाकात नळी असलेला रुग्ण आज महाराष्ट्रातल्या गावोगाव सापडतो. त्याला दूध, पेज, डाळीचे पाणी, साखर आणि तेल गाळून देतात. महिनोन्‌महिने रोज तेच. ते तेल बहुतेक घरांत सूर्यफुलाचे असते, कारण ते पातळ, वास नसलेले आणि 'हलके' मानलेले. सूर्यफुलातही लिनोलिक साठ-पासष्ट टक्के आणि लिनोलेनिक जवळजवळ शून्य. शेंगदाणा तेल घेतले तरी लिनोलेनिकच्या बाबतीत तीच गत. अशा रुग्णाच्या पायांना मुंग्या आल्या तर आपण बी-१२ पाहतो, साखर पाहतो, आणि ते पाहायलाच हवे. पण नळीतून जाणारे तेल कोणते, हा प्रश्न आहारतज्ज्ञाने, परिचारिकेने किंवा घरच्या माणसाने पहिल्याच भेटीत विचारावा. चमचाभर तेल सोयाबीनचे किंवा मोहरीचे केले तरी त्यात पाव ते अर्धा ग्रॅम लिनोलेनिक रोज जाऊ शकते, आणि खर्चात फारसा फरक पडत नाही. रक्तातल्या मेदाम्लांची तपासणी महाग असते, सगळीकडे होतही नाही. तेलाचा डबा पाहायला मात्र काहीच लागत नाही.